पीएफची चार महिन्यांची चलनं थकलीत, झोप लागत नाही, काय करू?

सातपूरचा_पत्रेवाला | १९ ऑगस्ट २०२५, रात्री १:५२

नमस्कार मंडळी, लिहू की नको असं पंधरा दिवस चाललं होतं, आज पण झोप येत नाहीये म्हणून शेवटी लिहितोच. नाशिकला सातपूर एमआयडीसीत माझं शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे, इलेक्ट्रिक पॅनलचे बॉक्स बनवतो, पावडर कोटिंग बाहेरून करून घेतो. कामगार २२. सगळ्यांचा पीएफ १५ हजारावर कापतो, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पण आहे आणि तो भरलेला आहे कारण ती रक्कम छोटी असते, महिन्याला १३ हजार दोनशे.

अडचण अशी की माझं ऐंशी टक्के काम एकाच मोठ्या कंपनीचं आहे. आधी ६० दिवसांत पैसे यायचे, या फेब्रुवारीपासून ११०-१२० दिवस लागायला लागले. पगार मी एकदाही थांबवला नाही, ७ तारीख चुकवली नाही, पण एप्रिलच्या पगाराचं पीएफचं चलन १५ मेला भरायचं होतं आणि त्याच दिवशी पत्र्याच्या व्यापाऱ्याला पैसे दिले नसते तर माल आला नसता, म्हटलं पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम भरू. पुढच्या महिन्यात तेच झालं. मग जूनमध्ये हिशेब बघणारा मुलगा नोकरी सोडून गेला, पोर्टलचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर जायचा, माझी डिजिटल सही पण संपलेली, ते सगळं निस्तरेपर्यंत जुलै गेला. आता एप्रिल, मे, जून, जुलै चारही महिने बाकी आहेत. पगाराच्या स्लिपवर मात्र कपात दिसते, आणि कापलेलीच आहे.

गेल्या आठवड्यात आमचे सगळ्यात जुने फिटर, १६ वर्षं माझ्याकडे आहेत, ते म्हणाले शेठ मोबाइलवर पासबुक बघितलं, मार्चनंतर काहीच दिसत नाही. मी म्हणालो साइट अपडेट होत नसेल. त्यांनी मान डोलावली आणि कामाला लागले. तेव्हापासून मी शॉपवर त्यांच्या समोरून जायचं टाळतो. घरी बायकोला काही सांगितलेलं नाही. बीपीची गोळी सुरू झालीय, तीही ॲसिडिटीची आहे म्हणून सांगितलंय.

विचारायचं इतकंच की दंड किती बसेल, अटक वगैरे होते का, आणि पैसे थोडे थोडे आले तर आधी काय भरू?

उद्योगी_७७ | १९ ऑगस्ट, सकाळी ७:१०

भाऊ एवढं टेन्शन कशाला घेता, सगळेच लेट भरतात. तीन-चार जणांना लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर दाखवा, तुमच्याकडे २०च्या खाली माणसं राहिली की पीएफच लागत नाही, कटकट मिटली.

पगारपत्रकवाली_पुणे | १९ ऑगस्ट, सकाळी ११:३४

उद्योगी, प्लीज असे सल्ले देऊ नका, यात लोक खरंच बुडतात. एकदा पीएफ लागू झाला की नंतर माणसं २०च्या खाली आली तरी तो लागूच राहतो, कायद्यात तसं स्पष्ट आहे. आणि कॉन्ट्रॅक्टरने भरलं नाही तर शेवटी मूळ मालकाकडेच येतात.

पत्रेवाले, मी १८ वर्षं पीएफ-ईएसआय-पगारपत्रकाचीच कामं करते, त्यामुळे आधी आकडे मांडू, मग बाकीचं. आकडा कागदावर आला की निम्मी धास्ती कमी होते हे मी खूप जणांच्या बाबतीत बघितलंय.

एका कामगारामागे त्याचे १२ टक्के म्हणजे १८००, तुमचे १८०० (त्यातले १२५० पेन्शनला जातात आणि ५५० पीएफला), विम्याचे अर्धा टक्का ७५ आणि प्रशासकीय खर्चाचे ७५. झाले ३७५०. गुणिले २२, म्हणजे महिन्याला ८२ हजार ५००. चार महिन्यांचे ३ लाख ३० हजार. बरोबर?

आता उशिराचं. पीएफ कायद्यातल्या कलम ७क्यूचं व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला १. आणि कलम १४बीचा दंड, तो पूर्वी उशीर वाढेल तसा ५ पासून २५ टक्क्यांपर्यंत चढायचा पण जून २०२४ पासून सरसकट महिन्याला १ टक्का केलाय. एप्रिलच्या चलनाला तीन महिने उशीर झालाय, मेच्या दोन, जूनच्या एक, जुलैचं तर परवा परवा चुकलंय. म्हणजे आज भरलंत तर व्याज साधारण पाच हजार आणि दंड साधारण पाच हजार. दहा हजार. तुम्ही चार महिने जे डोक्यावर घेऊन फिरताय त्याचा पीएफ ऑफिसच्या बाजूचा हिशेब एवढा आहे.

खरा फटका दुसरीकडे आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा पीएफच्या मुदतीत भरला नाही तर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च म्हणून कायमचा नामंजूर होतो, नंतर भरला तरी मिळत नाही. यावर आधी कोर्टांत वाद होते, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि विषय संपला. तुमचा स्वतःचा हिस्सा रिटर्नच्या तारखेआधी भरला तर चालतो, कामगारांचा नाही. तुमच्या चार महिन्यांत तो १ लाख ५८ हजार ४०० आहे, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून ४९ हजारांच्या पुढे टॅक्स त्यावर बसेल. ते आता गेलं, त्याला इलाज नाही.

पण म्हणूनच आधी काय भरू या प्रश्नाचं उत्तर लोक समजतात त्याच्या उलटं आहे. मागचं भरत बसून ऑगस्टचं चलन परत चुकवू नका. ऑगस्टच्या पगाराचं १५ सप्टेंबरच्या आत भरा, म्हणजे १२ हजारांच्या वर टॅक्स वाचतो. मागचा एक महिना अजून एक महिना थांबला तर व्याज-दंड मिळून १६५० वाढतात. तर चालू महिना आधी आणि वेळेवर, मग जुन्यातला एकेक महिना पूर्ण. प्रत्येक महिन्याचा ईसीआर (पोर्टलवर भरायचं पीएफचं विवरण) वेगळा असतो, सगळं एकदम भरायची सक्ती नाही.

अटकेचं. कापून न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा धरतात, आयपीसीत ४०६ होतं, आता न्याय संहितेत ३१६ आहे. लपवत नाही तुमच्यापासून. पण नोटीस यायच्या आधी स्वतःहून भरायला लागलेला माणूस आणि नोटिसांना उत्तरच न देणारा माणूस यांच्या फायली सारख्या दिसत नाहीत. १४बीची नोटीस येईल तेव्हा सुनावणीची संधी मिळते, तिथे जा, टाळू नका. बँकेची स्टेटमेंटं, कंपनीकडून पैसे उशिरा आल्याचे मेल, सगळं एका फाइलला लावून ठेवा आतापासूनच.

अजून एक, ओटीपी तुमच्या स्वतःच्या नंबरवर घ्या. नोकर माणूस कितीही चांगला असो, ती किल्ली मालकाकडेच पाहिजे. १५ तारीख पीएफ-ईएसआय, महिनाअखेर प्रोफेशनल टॅक्सचं बघायचं, टीडीएस कापत असाल तर ७ तारीख, हे शॉपच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, कॉम्प्युटरमध्ये नाही.

वेल्डर_चाकण | १९ ऑगस्ट, संध्या. ८:४६

मी मालक नाही, कामगार आहे. इथं बहुतेक शेठ लोकच लिहितात म्हणून आमच्याकडची बाजू सांगतो, राग मानू नका.

मी आधी ज्या कंपनीत होतो तिथं आमचे नऊ महिन्याचे पीएफचे पैसे भरले नव्हते. मला माहीतच नव्हतं. आईच्या ऑपरेशनला ॲडव्हान्स काढायला गेलो तवा कळलं की खात्यात आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा कमी आहेत, वरून केवायसी पण मालकानं मंजूर केलेली नव्हती त्यामुळं अर्जच पुढं सरकंना. गावाकडनं व्याजानं पैसे आणले, महिन्याला ३ टक्क्यानं. ते फेडायला दीड वर्ष गेलं. पैसे गेले त्याचं वाईट वाटलं पण जास्त वाईट ह्याचं वाटलं की शेठ रोज सकाळी समोर चहा प्यायचे आमच्या बरोबर आणि एक शब्द बोलले नाहीत.

तुमच्या त्या फिटर मामांना कळलेलं आहे शेठ. १६ वर्ष काम केलेल्या माणसाला साइटचं कारण दिल्यावर कळत नाही असं होत नाही. मान डोलावली म्हणजे त्यांनी तुम्हाला वेळ दिलाय. तुम्ही त्यांना जाऊन सांगा की अडचण आहे, अमुक महिन्यापर्यंत भरतो. आम्ही लोकं समजून घेतो, आम्हाला पण माहीत असतं कंपनीकडं काम आहे का नाही, डिस्पॅच होतोय का नाही, बिलं अडकलीत का. फक्त आमच्या स्लिपवर कापलेलं लिहिलंय आणि तिकडं शून्य आहे हे दुसऱ्याकडनं कळू देऊ नका. आणि कुणाच्या घरी आजारपण किंवा लग्न आहे का तेवढं विचारून घ्या, त्याचं आधी नीट करा.

सातपूरचा_पत्रेवाला | १९ ऑगस्ट, रात्री ११:२०

चाकणकर दादा, तुमचं वाचून शॉपमध्येच बसून राहिलो बराच वेळ. मामांच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. मला माहीत होतं, पण हे दोन्ही डोक्यात एकत्र आलंच नव्हतं. ताई, दहा हजार हा आकडा तीनदा गुणून बघितला. मी दीड-दोन लाख दंड धरून चाललो होतो. टॅक्सचं मात्र माहीत नव्हतं, ते लागलं. उद्या सीएंना फोन करतो.

प्राजक्ता_इचलकरंजी | २० ऑगस्ट, दुपारी ३:०५

मी हिशेबातलं काही सांगणार नाही, ते ताईंनी सांगितलंच आहे. मी दुसरं सांगते.

आमचे यंत्रमाग आहेत, माझे मिस्टर बघतात. दोन वर्षांपूर्वी सुताचा व्यापारी, बँकेचा हप्ता, लाइट बिल असं सगळं एकदम अंगावर आलं आणि ह्यांनी मला आठ महिने काही सांगितलं नाही. रात्री उठून गॅलरीत बसायचे, विचारलं की उकडतंय म्हणायचे, जेवण कमी झालं, पोराच्या शाळेतल्या कार्यक्रमाला आले आणि मधेच उठून गेले. मला वाटायला लागलं की माझंच काहीतरी चुकलंय, नाहीतर दुसरं काहीतरी आहे. एका रात्री म्हणाले मी नसलो तर विम्याचे पैसे येतील, तेवढ्यात सगळं फिटेल. हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही.

त्या रात्री मी १४४१६ ला फोन लावला, टेली-मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आधी मी बोलले, मग ह्यांच्या हातात फोन दिला, पाऊण तास बोलले. नंतर डॉक्टरांकडे गेलो, सहा महिने औषध घेतलं. कर्ज त्या फोनने फिटलं नाही, ते आम्ही चार माग विकून फेडलं. पण ते विकायचा निर्णय दोघांनी बसून घेतला, आणि माझ्याकडे भिशीचे पैसे होते ते ह्यांना माहीतच नव्हते, मला कर्ज माहीत नव्हतं आणि त्यांना भिशी माहीत नव्हती असा आमचा संसार चाललेला.

भाऊ, ॲसिडिटीची गोळी म्हणून सांगू नका ओ. तुमच्या बायकोला कळतंय काहीतरी बिनसलंय, तिने काय काय कल्पना केल्या असतील त्यापेक्षा साडेतीन लाखाचं पीएफ ऐकणं खूप सोपं जाईल तिला. आणि असा काही विचार डोक्यात येत असेल जसा ह्यांच्या आला होता तर आजच फोन करा, थांबू नका.

बिलं_आणि_बोल्ट | २० ऑगस्ट, रात्री ९:१२

पीएफ हा ताप आहे, दुखणं ते १२० दिवस आहेत. त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी पण सप्लायर आहे, संभाजीनगर, वाळूज.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आहे ना तुमची? असेल तर कायद्याने खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं, हे २००६च्या कायद्यातच आहे. आणि आता इन्कम टॅक्सचं कलम ४३बी(एच) आल्यापासून त्यांनी वेळेत दिलं नाही तर त्यांना त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही, म्हणून मार्चमध्ये त्यांचे अकाउंटवाले अचानक गोड बोलायला लागतात. सरकारच्या समाधान पोर्टलवर उशिराच्या पैशांची तक्रार करता येते, पण ऐंशी टक्के काम जिथून येतं तिथे तक्रार करायला हात धजत नाही हे मला पूर्ण मान्य आहे, माझाही धजला नव्हता.

मी केलं ते असं. ट्रेड्स म्हणून प्लॅटफॉर्म आहेत, आरएक्सआयएल, एमवन एक्स्चेंज, इनव्हॉइसमार्ट वगैरे. तुमचं बिल तिथे चढतं, कंपनी ते मान्य करते, मग बँका त्यावर बोली लावतात, सगळ्यात कमी व्याजाची बोली तुम्ही घ्यायची, पैसे एक-दोन दिवसांत खात्यात. नंतर कंपनीने बँकेला दिले नाहीत तर बँक तुमच्याकडे येत नाही हा सगळ्यात मोठा फायदा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करणं सक्तीचं केलंय, म्हणजे तुमची ती मोठी कंपनी बहुतेक तिथे असेलच. परचेसवाल्याला विचारू नका, त्याला माहीत नसतं. फायनान्सवाल्याला मेल करा, लेखी, की आमची बिलं ट्रेड्सवर घ्या. यात तक्रार केल्यासारखं वाटत नाही, त्यांनाही त्यांचे दिवस मिळतात.

आणि ऐंशी टक्के एकाकडे, हे कमी करा हळूहळू. मला तीन वर्षं लागली.

मसाला_युनिट_संगमनेर | २१ ऑगस्ट, सकाळी १०:४०

विषयांतर होतंय पण ताई आहेत तोवर विचारते. माझ्याकडे मसाला दळण-पॅकिंगला १२ बायका आहेत, मशीन विजेवरची, ईएसआय काढलेलाच नाही. आता काढला तर मागचं सगळं वसूल करतील या भीतीने थांबलेय. प्रोफेशनल टॅक्स पण कापत नाही.

पगारपत्रकवाली_पुणे | २१ ऑगस्ट, दुपारी १:१५

१० जणी झाल्या की ईएसआय लागतो, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या सगळ्यांना. पण तुम्ही अगदी योग्य वेळी विचारलंत. ईएसआयसीने स्प्री २०२५ म्हणून योजना काढलीय, १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२५. यात स्वतःहून नोंदणी केली तर तुम्ही जाहीर कराल त्या तारखेपासून लागू होतो, मागची वसुली नाही, मागचं इन्स्पेक्शन नाही. वाट बघू नका. तुमचे सव्वातीन टक्के आणि त्यांचे पाऊण टक्का. दहा हजार पगार असेल तर बाईचे ७५ रुपये जातात आणि घरच्यांसकट दवाखाना मिळतो, मशीनवर बोट सापडलं तर पहिल्या दिवसापासून संरक्षण. प्रोफेशनल टॅक्सचं म्हणाल तर महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजारांपर्यंत तो नाहीच, एप्रिल २०२३ पासून. तुमचा स्वतःचा वर्षाचा २५०० चा मात्र भरा.

सातपूरचा_पत्रेवाला | १४ सप्टेंबर, रात्री ९:३०

मंडळी, कळवायला उशीर झाला. बायकोला सांगितलं, २० तारखेलाच, प्राजक्ताताईंचं वाचल्यावर. ती आधी दहा मिनिटं काहीच बोलली नाही, मग म्हणाली ते जुनं पॉवर प्रेस कोपऱ्यात तीन वर्षं धूळ खातंय ते कशासाठी ठेवलंय. खरंच कशासाठी ठेवलं होतं मला सांगता येईना. १ लाख ४० हजाराला गेलं.

ऑगस्टचं चलन ११ तारखेला भरलं, वेळेत. एप्रिलचं पण भरलं. मे या महिनाअखेरीस, जून-जुलै दिवाळीपर्यंत, असं कागदावर लिहून शॉपमध्ये लावलंय, कामगारांना गोळा करून सांगितलं. आवाज थोडा कापला माझा. एक-दोघांनी कडक शब्दांत विचारलं की आमचं कापलं होतं ते गेलं कुठे, तर खरं ते सांगितलं, पत्र्यात गेलं. गप्प बसले. फिटर मामा शेवटपर्यंत काही बोलले नाहीत, संध्याकाळी जाताना केबिनमध्ये आले आणि म्हणाले लग्नाला घरचे सगळे यायचं.

कंपनीच्या फायनान्सला मेल केला, ते ट्रेड्सवर आहेत, माझी नोंदणी सुरू आहे, बँकेची कागदपत्रं मागितलीत. झोप अजून पूर्ण नाही, पण चार-साडेचार तास सलग लागते. डॉक्टरांना या वेळी खरं कारण सांगितलं.

एक अडकलंय. मामांना लग्नासाठी ॲडव्हान्स काढायचाय आणि त्यांचं आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव जुळत नाही, एका अक्षराचा फरक आहे. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जुना आहे, २०१४चा. हे मी करायचं की त्यांनी?

पगारपत्रकवाली_पुणे | १४ सप्टेंबर, रात्री १०:०२

दोघांनी. त्यांच्या लॉगिनमधून जॉइंट डिक्लरेशन (माहिती दुरुस्तीचा दोघांचा मिळून अर्ज) टाकायचं, ते तुमच्या लॉगिनला मंजुरीला येतं. ऑक्टोबर २०१७ नंतरचा यूएएन असता तर त्यांचं त्यांनाच दुरुस्त करता आलं असतं, जुन्याला मालकाची मंजुरी लागते. उद्याच त्यांना केबिनमध्ये बसवून करून टाका, आधारला जोडलेला मोबाइल घेऊन यायला सांगा. नाव झालं की त्यांचं बँक खातं पण लगेच जोडून घ्या, त्याला एप्रिल २०२५ पासून मालकाची मंजुरी लागत नाही, नाहीतर नोव्हेंबरात परत तिथेच अडकाल.